बंदर एकीकडे, पुळण भलतीकडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भूमध्य समुद्रातील क्रूझ सहलींवर आलेला लेख वाचला. लेखात बंदरांची माहिती हौसेने दिली आहे. परंतु 'लहान मुलांसह कुटुंबासाठी उत्तम किनारा' म्हणून माल्टाच्या ब्लू लगूनचे जे छायाचित्र छापले आहे, ते पाहून हे पत्र लिहिणे भाग पडले. ब्लू लगून हा कोमिनो नावाच्या चिमुकल्या बेटाला लागून असलेला पाण्याचा तुकडा आहे. तिथे होडीशिवाय जाता येत नाही, २०२५ पासून आगाऊ नोंदणीही करावी लागते, आणि इतके सोपस्कार करून पोहोचल्यावर हाती लागते ती मूठभर वाळू. बाकी सगळी खडपे. पाणी निळेशार आहे यात वाद नाही, पण चार वर्षांच्या मुलाला पाण्याच्या रंगाशी काही कर्तव्य नसते. त्याला बसायला वाळू आणि घोट्याएवढे पाणी लागते.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही उभयता, मुलगी, जावई आणि नऊ व चार वर्षांची दोन नातवंडे असे सहा जण बार्सिलोना (स्पेन), मार्सेय (फ्रान्स), जेनोवा, चिवितावेक्किया, पालेर्मो (तिन्ही इटलीत), व्हॅलेटा (माल्टा) आणि परत बार्सिलोना असा सात रात्रींचा फेरा करून आलो. माझे लहानपण रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात गेले, त्यामुळे समुद्र मला नवा नव्हता, आणि नेमका त्याच भरवशावर मी फसलो. कोकणात धक्का आणि पुळण पुष्कळदा एकमेकांच्या हाकेवर असतात, कारण आपल्याकडे धक्क्याला लागतात त्या होड्या आणि लाँचा. चार-पाच हजार माणसे वाहणाऱ्या जहाजाला मात्र खोल पाणी लागते, आणि मुलांना हवी असते ती जागा उथळ असते. तेव्हा ही दोन्ही शेजारी-शेजारी सापडावीत ही अपेक्षाच मुळात उलटी आहे. सहलीच्या पत्रकात गावाचे नाव असते. आपले जहाज त्या गावाच्या कोणत्या टोकाला लागणार, हे त्यात नसते.

मार्सेयला हा धडा मिळाला. आमच्या आयोजकांच्या पत्रकात त्या दिवसापुढे 'समुद्रकिनारी मौजमजा' एवढेच शब्द होते आणि विचारल्यावर 'दहा मिनिटांवर बीच आहे' असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात क्रूझचा धक्का शहराच्या उत्तरेला, जुन्या बंदरापासून सात-आठ किलोमीटर दूर, गोदामांच्या पलीकडे आहे, आणि प्रादोचे किनारे आहेत शहराच्या दक्षिणेला. आधी बंदराची बस, मग जुन्या बंदरावरून किनाऱ्याच्या रस्त्याने जाणारी ८३ क्रमांकाची बस, असे करत आमचे पाय पाण्याला लागले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती, आणि परतीचा हिशोब मनात सुरू झाल्यामुळे घड्याळ कुणाच्या डोळ्यांपुढून हलेना. वर पायाखाली निघाली भरड वाळू आणि खडी. हे किनारे १९७० च्या दशकात मार्सेयच्या मेट्रोसाठी खोदलेल्या मातीची भर टाकून तयार केलेले आहेत, हे मला नंतर कळले. मागे हिरवळ आहे, खेळाची साधने आहेत, आणि नातू पाण्यापेक्षा झोपाळ्यावरच जास्त रमला. म्हणजे जागा वाईट मुळीच नाही. घरून आठला निघालेल्या तिथल्या रहिवाशाला ती उत्तम आहे. जहाजावरून उतरलेल्या पाहुण्याला, ज्याला साडेचारच्या आत परत पोहोचायचे आहे, ती परवडत नाही.

पायाखाली काय आहे, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतच नाही, कारण किनारा म्हणजे वाळू हे आपण गृहीत धरतो. भूमध्य समुद्राचा बराचसा किनारा गोट्यांचा किंवा खडकाचा आहे. फ्रान्समधील नीसचा जगप्रसिद्ध किनारा मुठीएवढ्या गुळगुळीत गोट्यांचा आहे, आणि गोट्यांची पुळण बहुधा तीव्र उताराची असते. वाळूप्रमाणे ती सपाट पसरत नाही, त्यामुळे चार-पाच पावलांत पाणी मोठ्या माणसाच्या कमरेच्या वर जाते. छायाचित्रात हे दिसत नाही. याउलट, नीसच्याच शेजारच्या व्हिलफ्रान्शला, जिथे मोठी जहाजे बाहेर नांगर टाकून माणसांना छोट्या होड्यांतून काठावर आणतात, तिथला मारिनिएर नावाचा किनारा चालत पंधरा मिनिटांवर आहे, भरड का होईना वाळूचा आहे आणि उपसागराच्या आत असल्यामुळे शांत आहे. नाव नीसचे मोठे, सोय व्हिलफ्रान्शची. पाण्यात घालायचे रबरी बूट मुलांसाठी इथूनच घेऊन जावेत, हा माझा पदरमोडीतून आलेला सल्ला आहे.

जेनोवाबद्दल थोडक्यात सांगतो: तिथे किनाऱ्याच्या नादी लागू नये. बोक्कादास्से ही कोळ्यांची वस्ती पाहायला सुंदर आहे, पण तिथेही गोटेच आहेत. जहाज मात्र शहराच्या मध्यातच लागते आणि जुन्या बंदरात १९९२ साली उभारलेले मत्स्यालय तिथून पायी गाठता येते. मुले तीन तास हलत नाहीत.

चिवितावेक्कियाला आमच्या कुटुंबात मतभेद झाला, आणि तो मी मुद्दाम लिहितो, कारण तो पुष्कळ घरांत होत असणार. हे रोमचे बंदर म्हणवले जाते, पण रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. साध्या लोकल गाडीने जाऊन-येऊन अडीच-तीन तास लागतात. 'इतक्या लांब येऊन रोम बघायचे नाही?' हा जावईबापूंचा प्रश्न बिनतोड होता. शेवटी ते आणि मुलगी थोरल्या नातीला घेऊन रोमला गेले आणि आम्ही दोघे म्हातारे धाकट्याला घेऊन त्याच लोहमार्गावरच्या सांता मारिनेल्ला या गावी उतरलो. बंदराची मोफत बस आपल्याला लार्गो देल्ला पाचे या थांब्यावर सोडते, तिथून स्थानक चालण्याच्या अंतरावर आहे आणि गाडीने सांता मारिनेल्ला दहा मिनिटांत येते. स्थानकातून उतारावर पाच-सात मिनिटे चालले की अर्धचंद्राकृती पुळण. वाळू खरी, उतार मंद, आणि भाड्याच्या छत्रीखाली बसले की त्याच आवारात न्हाणीघर, संडास आणि कॉफी. इटलीत अशी भाड्याच्या छत्र्यांची खासगी आवारे किनारा अडवून बसलेली असतात याची मला आधी चीड होती, आणि तत्त्व म्हणून अजूनही आहे. परंतु पाण्यालगतची पट्टी कायद्याने सर्वांना मोकळी असते, आणि चार वर्षांच्या मुलाला तातडीने संडासला नेण्याची पाळी आलेल्या आजोबांना तत्त्वापेक्षा ते आवार जवळचे वाटते. संध्याकाळी रोमहून परतलेल्या नातीने पहिले वाक्य उच्चारले ते 'माझे पाय' एवढेच.

सगळ्यांत चांगला दिवस पालेर्मोचा. इथे जहाज शहरातच लागते, पंधरा मिनिटे चालून पोलितेआमा चौकात गेले की मोंडेल्लोची ८०६ क्रमांकाची बस मिळते आणि अर्ध्या-पाऊण तासात आपण दोन डोंगरांच्या कुशीतल्या त्या पांढुरक्या पुळणीवर असतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे दलदल होती. ती आटवून ही वसाहत उभी राहिली आणि पाण्यात खांबांवर उभे असलेले स्नानगृह त्या काळापासून तसेच आहे. नातू तिथे पाण्यात चालत गेला, पन्नास पावले गेला, आणि मागे वळून म्हणाला, 'आजी, समुद्र संपला का?' पाणी त्याच्या पोटापर्यंतच होते. भुकेची सोयही अगदी घरची निघाली: हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या पावात घालून देतात, त्यांना तिथे पानेल्ले म्हणतात, आणि आमच्या सौभाग्यवतींनी त्यात हिरव्या मिरचीची चटणी नाही एवढाच दोष काढला.

इथे मे महिन्याबद्दल लिहायला हवे. आपल्या शाळांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये असतात म्हणून मराठी कुटुंबे याच दिवसांत जातात, पण तिथले पाणी तोवर तापलेले नसते. मेअखेर ते १८ ते २० अंशांच्या आसपास असते आणि पंचवीसच्या वर जाते ते जुलै-ऑगस्टमध्ये. बार्सिलोनाला आमची दोन्ही मुले दहा मिनिटांत ओठ निळे करून बाहेर आली. भरती-ओहोटीची काळजी मात्र जवळपास नसते. मुंबईत पावसाळी उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढते. तिथे बहुतेक ठिकाणी फरक एखाद-दुसऱ्या फुटाचा, त्यामुळे सकाळी टाकलेली चटई संध्याकाळी तिथेच कोरडी सापडते. याचा अर्थ समुद्र गरीब आहे असा नाही. मार्सेयकडे मिस्त्राल आणि ग्रीक बेटांवर मेलतेमी हे वारे सुटले की लाटा चांगल्याच उसळतात, आणि जीवरक्षकाचा झेंडा पाहिल्यावाचून पाण्यात जाऊ नये. स्पेनमध्ये हिरवा, पिवळा, लाल असा क्रम आहे, तर इटलीत पांढरा झेंडा म्हणजे सर्व ठीक आणि लाल म्हणजे धोका.

काठावर तपकिरी पात्यांचे ढीग दिसले तर त्याला घाण समजून नाक मुरडू नये, जसे मी मुरडले. ती पोसिडोनिया नावाची पाण्याखालची वनस्पती आहे; तिच्या पात्यांचे हे थर वाळू वाहून जाऊ देत नाहीत, आणि ती वाढते स्वच्छ पाण्यातच. पाण्याच्या शुद्धतेसाठी युरोपीय संघाच्या नियमांनुसार नेमलेल्या स्नानजागांवर फलक असतो आणि त्यावर उत्कृष्ट, चांगले, पुरेसे, वाईट यांपैकी एक प्रत लिहिलेली असते. तो फलक वाचण्याची सवय लावून घ्यावी. आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी छापत नाही, पण प्रत्येक मराठी आई-वडिलांच्या मनात असते, ती म्हणजे तिथल्या बायकांच्या अंगावरील कपड्यांची. वरचे अंग उघडे टाकून ऊन खाणे तिथे वावगे मानत नाहीत. बार्सिलोनाच्या मार बेल्ला किनाऱ्याचा एक भाग तर विवस्त्र स्नानासाठीच आहे. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी त्याऐवजी नोव्हा इकारियाला जावे. १९९२ च्या ऑलिंपिकच्या वेळी बाहेरून वाळू आणून केलेला तो किनारा शांत आहे आणि सिउतादेया-व्हिला ओलिंपिका या मेट्रो स्थानकापासून चालण्याजोगा आहे. बाकी, सलवार-कुडत्यात पाण्यात उभ्या असलेल्या आमच्या सौभाग्यवतींकडेही कुणी वळून पाहिले नाही. कुटुंबाची अडचण झालीच तर ती खिसेकापूंची होते, म्हणून पासपोर्ट जहाजाच्या तिजोरीत ठेवावेत.

पूर्वेकडच्या फेऱ्यांविषयी दोनच गोष्टी नोंदवतो. क्रोएशियातील स्प्लिटला धक्क्यापासून पंधरा-वीस मिनिटांवर बाचवित्से नावाची वाळूची पुळण आहे, जिथे तरणीताठी माणसे घोट्याएवढ्या पाण्यात सूर मारून पित्सिगिन हा चेंडूचा खेळ खेळतात. ज्या पाण्यात तो खेळ चालतो ते आपल्या नातवंडांना खोल ठरणार नाही. ग्रीसमधील सांतोरिनी बेटावर मात्र मुलांना किनाऱ्याचे आमिष दाखवू नये: आधी होडी, मग कड्यावर चढणाऱ्या रोपवेची रांग, मग बेटाच्या दुसऱ्या अंगाला कामारीपर्यंत बस, आणि तिथे वाट पाहत असते ती ज्वालामुखीची काळी, उन्हात तव्यासारखी तापणारी वाळू. शिवाय ग्रीसचे घड्याळ इटलीच्या एक तास पुढे असते. जहाजाचे घड्याळ कोणते हे सकाळीच विचारून घ्यावे, कारण स्वतःच्या हिमतीवर फिरणाऱ्यासाठी जहाज थांबत नाही.

तेव्हा आपल्या पुरवणीला माझी विनंती अशी की, पुढच्या लेखात किनाऱ्याच्या नावाबरोबर जहाज कोणत्या धक्क्याला लागते, तिथून पुळणीपर्यंत जाऊन-येऊन किती वेळ जातो, पायाखाली वाळू आहे की गोटे, आणि सावली व संडास आहे की नाही, एवढे अवश्य छापावे. आयोजकांनीही आपल्या पत्रकात ते लिहावे. पैसे आगाऊ घेतात, तर माहितीही आगाऊ द्यायला हरकत नसावी.

राहता राहिला माल्टा. तिथला खरा मोठा वाळूचा किनारा म्हणजे मेल्लीहाजवळचा आदिरा, पण तो व्हॅलेटाहून बसने तासाभरापेक्षा लांब. आम्ही गेलो ते त्याच्या उलट दिशेला, बिरझेब्बुजा गावच्या प्रीटी बेला, साधारण अर्ध्या तासात. नाव सुंदर खाडी, आणि समोर कंटेनर बंदराच्या अजस्र क्रेन उभ्या. वाळू मऊ, पाणी उथळ, पाठीशी आइस्क्रीमचे दुकान, आणि नातवाला तर क्रेन समुद्रापेक्षा जास्त आवडल्या. पुरवणीत पुन्हा माल्टाचे छायाचित्र छापायचे झाल्यास ते तिथले छापावे, क्रेनसकट.

आपला,
एक वाचक, ठाणे