कराटे-ज्युदोचा ड्रेस पिशवीत कोंडून ठेवू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही हे काय नवीन नाही, त्यामुळं आमच्यासारख्या बऱ्याच घरात मोठं धुणं पाण्याच्या दिवशीच निघतं. माझा मुलगा आठवड्यातनं तीन दिवस ज्युदोला जातो आणि पाण्याचा दिवस येईपर्यंत त्याचा घामेजलेला ड्रेस प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बॅगेत आणि बॅग पलंगाखाली, असं चाललेलं. गेल्या पावसाळ्यात त्याच्या मानेवर रुपयाएवढा गोल चट्टा उठला, कडेनं लाल, मधे साफ, रात्री खाजवून खाजवून पोरगं झोपायचं नाही. मेडिकलमधनं ट्यूब आणली, चार दिवस बरं वाटलं आणि मग दुप्पट पसरलं. स्किनच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं की गजकर्ण आहे आणि ट्यूब स्टेरॉइडची आहे, त्यानं खाज दबते पण बुरशी आतल्या आत वाढते. कुस्ती, ज्युदोत मान, दंड सारखे एकमेकाला घासतात त्यामुळं हे पटकन पसरतं, जपानमध्येसुद्धा २००० नंतर ज्युदोच्या पोरांमध्ये याची साथ आलेली.

मी टॉवेलच्या कारखान्यात काम करतो. ओला माल गठ्ठा बांधून रात्रभर राहिला की सकाळी कुबट वास येतो, आणखी दोन-तीन दिवस गेले की काळे ठिपके पडतात आणि ते धुवून जात नाहीत. ज्युदोचा कोट पण तसलाच जाड कॉटन, तांदळाच्या दाण्यासारखी वीण, घाम पिऊन धरून ठेवतो. पँट रात्रीत वाळते, पण कोटाची गळ्याची जाड पट्टी आणि काखेतली शिवण सकाळी हात लावून बघा, ओलीच लागते.

म्हणून सगळ्या पालकांना हात जोडून सांगणं आहे, पाणी नसलं तरी वारा आहे ना. पोरगं घरी आलं की आधी बॅग रिकामी करा, कोट उलटा करून जाड हँगरला लावा (तारेचा वाकतो), बाह्या मोकळ्या सोडा आणि फॅनखाली नाहीतर गच्चीत टांगा. दोरीवर दुमडून टाकला की दुमडीत ओल राहते. उन्हाळ्यात आपल्याकडं ४० च्या वर ऊन असतं, बघता बघता कडक वाळतो, रंगीत बेल्ट मात्र सावलीत घाला नाहीतर विटतो. पण नुसतं वाळवून बुरशी मरत नाही हे पण लक्षात ठेवा, धुवायला तर पाहिजेच, एक बादली पाणी त्याच्यासाठी बाजूला ठेवा, आणि जमलं तर दुसरा ड्रेस घ्या म्हणजे घातलेलाच परत घालायची वेळ येत नाही. पांढरा दिसावा म्हणून ब्लीच ओतू नका, कापड कमजोर होतं आणि पिवळं पण पडतं. घरात कुणाला गजकर्ण असेल तर त्याचे कपडे वेगळे आणि कडक गरम पाण्यात धुवा, कॉटन थोडं आटेल, आटू द्या.

क्लासवाल्या सरांना पण एक विनंती आहे. बेल्ट धुतला की मेहनत धुऊन जाते असं काही ठिकाणी पोरांना सांगतात आणि पोरं ते खरं धरून बसतात, माझा मुलगा वर्षभर धुवू देत नव्हता. कृपा करून असं सांगू नका. आंतरराष्ट्रीय ज्युदोच्या नियमातच आहे की ड्रेस स्वच्छ, कोरडा आणि वास न येणारा पाहिजे, मग आपल्या क्लासमध्ये का नको? हॉलमध्ये एक दोरी बांधा, सुटल्यावर पाच मिनिटं कोट त्याच्यावर टाकू द्या, आणि कुणाच्या अंगावर चट्टा दिसला तर त्याला चारचौघात न बोलता पालकांना फोन करा, डॉक्टर हो म्हणेपर्यंत मॅटवर घेऊ नका. आमच्या मुलाच्या चट्ट्याचं आम्हाला आठ दिवस कुणी सांगितलंच नाही, तोपर्यंत त्याच्या जोडीच्या दोन पोरांना झालं होतं.

आपला,
एक पालक, सोलापूर