सुरतेला जाऊन आले, त्याची गोष्ट

नंदुरबार

प्रिय मंगल,

परवा फोनवर सांगायला घेतलं होतं, पण तुझ्याकडे पाहुणे होते आणि माझं बोलणं थोडक्यात आवरणारं नव्हतं. म्हणून आता निवांत लिहितेय.

अगं, आम्ही सुरतेला जाऊन आलो. निमित्त दिराच्या लग्नातल्या मानाच्या साड्यांचं. पण विनूने अट घातली, आधी मत्स्यालय आणि मग बाजार. सासूबाईंनी लगेच त्याची बाजू घेतली. नातवाचं प्रेम वगैरे काही नाही. आम्ही माशांकडे गेलो की त्यांना उधन्याला लेकीकडे बसून पोटभर बोलता येणार होतं!

नवापूरचं स्टेशन तुला आठवत असेलच. तिकीट खिडकी आपल्या महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत आणि मधला तो बाक अर्धा इकडे, अर्धा तिकडे. गाडी थांबली तशी विनूला त्या बाकावर बसायची घाई झाली. मी हात सोडला नाही. पुढे उकाई-सोनगड आलं आणि सासूबाईंनी खिडकीकडे बघून हात जोडले. त्यांच्या आजोळचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलंय. धरण १९७२ साली पुरं झालं, पण त्या अजून बोलताना ‘आमच्या गावात’ असंच म्हणतात.

मत्स्यालय पाल भागात आहे, सुरत महापालिकेचं. जगदीशचंद्र बोस यांचं नाव दिलंय, २०१४ पासून सुरू आहे. आत अंधार आणि गारवा, आणि ‘काचेवर टकटक करू नका’ या पाटीखालीच काचेवर टकटक करणारी मोठी माणसं. माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, तिच्यातून त्यांना पाण्यातला बारीकसा हादरासुद्धा कळतो. टकटक त्यांना काय वाटत असेल! शेजारच्या एक काकू मात्र प्रत्येक टाकीपुढे ‘हा तळून चांगला लागेल’ एवढंच ठरवत होत्या. मला ते जास्त प्रामाणिक वाटलं.

सगळी गर्दी शार्कच्या टाकीपुढे. विनूने विचारलं, ‘हा थांबत का नाही?’ तुला आठवतं, तापीकाठच्या प्रकाशा गावाहून मासे आणले की साफ करताना पोटातून पांढरा फुगा निघायचा आणि तो पायाखाली फट्ट करून फोडायला आपण भांडायचो? त्या फुग्यातल्या हवेवर मासा पाण्यात तरंगतो. शार्कला तो फुगाच नसतो. तेलाने भरलेलं भलंमोठं काळीज, म्हणजे यकृत, त्याला थोडंफार तोलून धरतं, तरी पोहणं थांबवलं की तो खाली जायला लागतो. विनूला हे सांगितल्यावर शार्कची भीती गेली आणि त्याची कीव यायला लागली.

मी अडकले ते दुसरीकडेच. तिथे गोड्या पाण्यातले, समुद्रातले आणि निमखाऱ्या पाण्यातले असे तिन्ही तऱ्हेचे मासे आहेत. निमखारं म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथलं. रोहू-कटला आपल्या ओळखीचे, समुद्रातले रंगीबेरंगी फोटोंतून तरी पाहिलेले. हे मधल्या पाण्यातले मात्र मातकट, कुणी त्यांच्यापुढे थांबेना. पण आपली तापी मुलताईहून निघून, भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा करत ७२४ किलोमीटर येते आणि शेवटी डुमसजवळ अशाच पाण्याची होते. जिताडा मासा अंडी खाडीच्या खाऱ्या पाण्यात घालतो आणि पोरवयात नदीने वर चढतो. आता चढेल कुठवर? काकरापारचा बंधारा आणि उकाईचं धरण आडवं आहे. आपल्याकडे तापीचं पाणी म्हटलं की बंधारा आणि केळी एवढंच बोलतात. नदीला शेवट आहे आणि तिथेही कुणी राहतं, हे माझ्या तरी डोक्यात कधी आलं नव्हतं.

डुमसला जेमतेम टोमॅटोची भजी खाण्याएवढाच वेळ मिळाला. वाळू काळी, ओहोटी लागलेली, पाणी कुठच्या कुठे. भजी मात्र झकास. टोमॅटोच्या चकतीवर हिरवी चटणी लावून बेसनात तळतात.

आता रिंग रोडचं कापड मार्केट. तिथे जाशील तर पायांत जुन्या चपला घाल, दुकानोदुकानी काढाव्याच लागतात. पांढऱ्या गादीवर बसायचं, चहा येतो आणि पोरगा साड्या अशा फेकत जातो की पहिली नीट बघायच्या आत दहावी अंगावर. सासूबाईंनी एक जांभळी निवडली, तर शेठ म्हणे, ‘सिंगल पीस नहीं मिलेगा, सेट लेना पड़ेगा.’ एकच डिझाइन, निरनिराळे रंग, अख्खा गठ्ठा. आम्ही उठायला लागलो तेवढ्यात साड्यांची घडी घालणारा माणूस हळूच आपल्या अहिराणीत म्हणाला, ‘कथाइन उनात ताई?’ कुठून आलात म्हणून. निघाला आपल्या शिंदखेड्याकडचा! लिंबायत-उधन्याकडे निम्मा खान्देश राहतो म्हणतात, ते उगाच नाही. सासूबाईंनी त्याच्याशी गावकी काढली, लेकीसुनांची चौकशी केली, आणि शेठने सेटचा भाव बऱ्यापैकी खाली आणला. सिंगल पीस मात्र शेवटपर्यंत दिला नाहीच.

तर आता घरात एकाच डिझाइनच्या साड्यांचा ढीग आहे. मानाच्या वाटून झाल्यावरही उरतात, त्यातली एक तुझी. मोरपंखी आहे आणि मरून आहे; जांभळीकडे बघू नकोस, ती गेली. रंग लवकर कळव. आखाजीच्या सणाला माहेरी येशील तोवर ब्लाऊज शिवून ठेवते. माप जुनंच ना? खरं सांग.

तुझी,
सुमन