वाटेतून परतणाऱ्यांचीही बातमी द्या

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या अंकात गिर्यारोहकांच्या एका तुकडीची बातमी होती. शिखरावर झेंडा धरून उभे असलेले चौघे, खाली उंची, तारीख आणि वेळ. बातमी वाचून आनंदच झाला. त्या तुकडीतली पाचवी माझी भाची. शेवटच्या छावणीतून निघाल्यावर दोनेक तासांत तिच्या पायाची बोटे बधिर होऊ लागली. तिने सोबतच्या शेर्पाला तसे सांगितले आणि दोघे अंधारातच खाली वळले. बोटे वाचली. बातमीत तिचे नाव नव्हते, त्या शेर्पाचेही नव्हते. भेटायला येणारा प्रत्येक जण तिला एकच विचारत होता, “म्हणजे पोचली नाहीस?” एका संध्याकाळी ती मला म्हणाली, “मावशी, वळताना जेवढा जोर लावावा लागला, तेवढा चढताना नव्हता लागला.”

मी स्वतः डोंगर चढत नाही. मोहिमांची वर्णने वाचण्याचे वेड मात्र शाळेपासूनचे आहे आणि त्या वाचनाच्या बळावरच हे पत्र लिहिते आहे.

अशा साहसांच्या बातम्या कशा दिल्या जातात, यावर कधीकधी माणसांचे प्राण अवलंबून असतात. १९६८ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने शिडाच्या नौकेतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. निघाले नऊ जण. त्यांतला डोनाल्ड क्रोहर्स्ट नवखा होता, त्याची नौका अर्धवट तयार होती आणि शर्यत लवकर सोडली तर त्याचे घर आणि धंदा दोन्ही बुडणार होते. दक्षिणेच्या समुद्रात ही नौका तग धरणार नाही, हे त्याला काही आठवड्यांतच कळले. परतायचे तोंड नव्हते. मग तो अटलांटिकमध्येच भटकत राहिला आणि रेडिओवरून खोटी प्रगती कळवू लागला. एका दिवसात २४३ सागरी मैल काटल्याचा त्याचा दावा विक्रम म्हणून छापून आला. शंका घेणारे होते, पण थोडे. आकडा इतका देखणा होता की तो तपासून पाहावा असे बाकी कुणाला वाटले नाही.

याची झळ नायजेल टेटली नावाच्या दुसऱ्या दर्यावर्द्याला बसली. तो दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून परतीच्या वाटेवर होता. नौका खिळखिळी झाली होती, ती सांभाळून हाकारली असती तर कदाचित घरी पोचली असती. पण क्रोहर्स्ट मागून वेगाने येतो आहे असे त्याला वाटत होते, म्हणून त्याने शिडे उतरवली नाहीत. मे १९६९ मध्ये, घर सुमारे ११०० सागरी मैलांवर असताना त्याची नौका फुटून बुडाली. तो तराफ्यावरून वाचला. मागून येणारा तो प्रतिस्पर्धी खरे तर जगाला वळसा घालून येतच नव्हता. क्रोहर्स्टची रिकामी नौका १० जुलैला समुद्राच्या मधोमध सापडली. सगळा बनाव उघड झाला तो तिच्यावरच्या नोंदवह्यांतून. शर्यत पूर्ण केलेला एकमेव माणूस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ३१२ दिवसांनी तो परतला आणि बक्षिसाचे ५००० पौंड त्याने क्रोहर्स्टच्या बायकोमुलांना देऊन टाकले.

क्रोहर्स्टला खोटारडा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला तो माघार घ्यायची सोय न उरलेला माणूस वाटतो. निघताना बंदरावर जमलेली माणसे, आठवड्याच्या आठवड्याला येणाऱ्या बातम्या, आणि परतलो तर काय तोंड दाखवू ही धास्ती. भाचीला लोक विचारत होते त्या प्रश्नाला हीच धार होती, म्हणून तो प्रश्न मला इतका लागला.

याच्या उलट ध्रुवप्रवासी अर्नेस्ट शॅकल्टन. ९ जानेवारी १९०९ रोजी तो आणि त्याचे तीन सोबती दक्षिण ध्रुवापासून सुमारे १८० किलोमीटरवर उभे होते. तोवर इतक्या दक्षिणेला कुणीच गेले नव्हते. रेटून ध्रुव गाठता आला असता, पण परतीपुरते अन्न उरले नसते. तो वळला. परतीच्या वाटेवर, उपासमार चालू असताना, त्याने आपल्या वाट्याचे एक बिस्कीट आजारी फ्रँक वाइल्डला बळेच खायला लावले. हजारो पौंड मोजले तरी ते बिस्कीट विकत मिळाले नसते, अशा अर्थाचे वाइल्डने रोजनिशीत लिहून ठेवले आहे. चौघेही जिवंत परतले. पुढे अंटार्क्टिका आरपार ओलांडायला निघालेल्या त्याच्या मोहिमेचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात चिरडून बुडाले, तेव्हाही शॅकल्टनने २२ माणसे एलिफंट बेटावर ठेवली, मदत आणण्यासाठी पाच सोबत्यांना घेऊन छोट्या होडीतून दक्षिण जॉर्जिया बेट गाठले आणि चौथ्या प्रयत्नात, ३० ऑगस्ट १९१६ रोजी, चिलीच्या ‘येल्चो’ बोटीतून सगळ्यांना सोडवून आणले. ही कथा सांगताना ‘एकही माणूस दगावला नाही’ असे सर्रास लिहिले जाते. ते त्या जहाजापुरतेच खरे आहे. त्याच मोहिमेची दुसरी तुकडी अंटार्क्टिकाच्या पलीकडच्या बाजूने, शॅकल्टनला वाटेत लागेल ते अन्न पेरून ठेवत होती. तिच्यातले तिघे मेले, आणि ज्याच्यासाठी हे अन्न ठेवले तो तिथवर कधी आलाच नाही. या तिघांचा उल्लेख क्वचितच होतो.

टॉम क्रीन हा माझा सर्वांत आवडता. तो कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत होता. जानेवारी १९१२ मध्ये स्कॉटने ध्रुवाकडे जाताना त्याला दोन सोबत्यांसह परत पाठवले. परतीच्या वाटेवर त्यांतला लेफ्टनंट इव्हान्स स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने, आडवा झाला. क्रीन आणि दुसरा सोबती लॅशली यांनी त्याला स्लेजवर घालून ओढले. तेही अशक्य झाले, तेव्हा लॅशली रुग्णापाशी थांबला आणि क्रीन थोडी बिस्किटे आणि चॉकलेट खिशात घालून एकटा निघाला. सुमारे ५६ किलोमीटर, १८ तास, तंबू नाही. तो तळावर पोचला आणि पाठोपाठ वादळ सुटले. इव्हान्स वाचला. क्रीनने ध्रुव कधीच पाहिला नाही.

अशी माणसे आजही आहेत. २०२२ मध्ये निघालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, म्हणजे १९६८ च्या त्या शर्यतीच्याच धर्तीवरच्या शर्यतीत, जिथे जीपीएस न वापरता सेक्स्टंट या सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजणाऱ्या उपकरणावर जागा काढावी लागते, दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफरने शर्यत बाजूला ठेवून नौका वळवली आणि तापियो लेहतिनेन या फिनिश दर्यावर्द्याला तराफ्यावरून उचलले. त्याची नौका काही मिनिटांत बुडाली होती. त्याला एका मालवाहू जहाजावर सोपवून ती पुन्हा मार्गाला लागली आणि एप्रिल २०२३ मध्ये ती पहिली आली. दुसरा आला भारताचा अभिलाष टॉमी. २०१८ च्या शर्यतीत वादळात त्याची डोलकाठी मोडली, पाठीचा कणा जायबंदी झाला आणि हलताही न येणाऱ्या अवस्थेत फ्रेंच जहाजाने त्याला बाहेर काढले होते. २०२३ च्या त्याच्या यशाच्या बातम्या मी आवडीने जपून ठेवल्या आहेत. पण २०१८ साली ‘शर्यतीतून बाद’ एवढ्यावर थांबलेली एक बातमीही माझ्या कात्रणांत आहे.

आणखी एक छायाचित्र मनात घर करून आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी के-टू हे जगातले दुसरे सर्वांत उंच शिखर हिवाळ्यात पहिल्यांदा चढले गेले. पुढे असलेले नेपाळी गिर्यारोहक शिखराच्या काही मीटर अलीकडे थांबले, मागचे येईपर्यंत थांबले आणि मग दहाही जण एकत्र वर गेले. शिखरावर पहिले पाऊल कुणाचे, हा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही. दुसऱ्यांची ओझी वाहण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांनी आठ हजार मीटरहून उंच शिखरांपैकी हिवाळ्यात न चढले गेलेले शेवटचे शिखर असे सर केले.

संपादक महोदय, मागणी मोठी नाही. मोहिमेची बातमी देताना तुकडीतल्या सगळ्यांची नावे द्या, दोर लावणाऱ्यांची आणि ओझी वाहणाऱ्यांचीही. कुणी वाटेतून परतले असेल तर कुठून आणि का, हे दोन ओळींत विचारा. विक्रमाचा दावा आला तर नोंदी पाहिल्याशिवाय मथळा करू नका. आणि मुलाखत परतीच्या वाटेबद्दलही घ्या. तुमच्याकडे येणाऱ्या कहाण्यांत उतरणे एका वाक्यात संपते, आणि डोंगरातले कितीतरी अपघात तर उतरतानाच होतात.

भाचीची परवानगी घेऊनच हे लिहिले आहे. तिच्या बोटांना अजून गार पाणी सोसत नाही, पण पुढच्या हंगामासाठी तिने त्याच शेर्पाला पत्र पाठवले आहे. ती खाली आली की, कुठवर जाऊन आली ते मी आपल्याला कळवीन.

आपली नम्र,
एक नियमित वाचक