एक गोळी, दोन खिडक्या : टेनोफोविरबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

टेनोफोविर या विषाणूरोधक औषधाची ३०० मिलिग्रॅमची मात्रा सरकारी रुग्णालयात दोन खिडक्यांवर मिळते. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या, केंद्रात ती लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमसोबत एकाच गोळीत, एचआयव्हीसाठी. हिपॅटायटिस बी, म्हणजे गावात जिला पांढरी कावीळ म्हणतात, तिच्यासाठी ती २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून, एकटी. दोन्हीकडे मोफत. पण औषध तेच असताना नोंदवह्या आणि कार्डे वेगळी आहेत, आणि दोन्ही आजार एकाच माणसाला असले की चूक तिथेच घडते.

दोन्ही विषाणू आपली नक्कल काढायला एकाच जातीचे एन्झाइम वापरतात आणि टेनोफोविर ते अडवते. एचआयव्हीला आवरायला मात्र एकटे टेनोफोविर पुरत नाही. काविळीच्या रुग्णाची एचआयव्ही तपासणी न करता नुसते टेनोफोविर सुरू केले आणि त्याला एचआयव्हीही निघाला, तर तो विषाणू औषधाला सरावू शकतो. पुढे संयुक्त गोळीचा जोरही कमी पडतो. उलट बाजूची चूक एआरटी बदलताना होते. एचआयव्ही आटोक्यात येत नाही म्हणून नवी औषधे देताना टेनोफोविर काढले, तर यकृतातला विषाणू मोकळा सुटतो. नुसत्या लॅमिव्हुडिनवर भागवले तर पाच वर्षांत बहुतेकांचा हिपॅटायटिस बी त्याला दाद देईनासा होतो.

म्हणून पहिली गोळी देण्याआधी दोन्ही तपासण्या झाल्याच पाहिजेत, आणि दोन्ही आजार असलेल्यांच्या कार्डावर आतल्या पानावर ठळक लिहिले पाहिजे : टेनोफोविर काढू नये. आतल्याच पानावर, कारण एचआयव्हीची गोपनीयता हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

रुग्ण वारंवार विचारतात, रिपोर्ट चांगला आला, आता गोळी बंद करू का? हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतपेशीच्या केंद्रकात आपले बियाणे ठेवून बसतो आणि त्याला ही गोळी हात लावू शकत नाही. गोळी अचानक थांबली की विषाणू उसळतो, रक्तातले एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाल्याची खूण देणारे एन्झाइम, चढते. सिरोसिस, म्हणजे यकृत टणक होऊन आक्रसलेले, असेल तर यकृत निकामी होऊन माणूस दगावू शकतो. साठा संपल्यामुळे पडलेला खंडही शरीराच्या लेखी खंडच.

आता मूत्रपिंडाचे. टेनोफोविर लघवीवाटे बाहेर पडते आणि मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांना इजा करू शकते. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, तपासले जाते, पण अहवालात आकड्यापुढे खूण नाही म्हणून कागद बाजूला ठेवला जातो. एक उदाहरण पाहा. बाई ६२ वर्षांची, वजन ४० किलो, क्रिएटिनिन १.०. अहवाल ‘नॉर्मल’. हिशेब केला तर १४० वजा ६२ म्हणजे ७८, गुणिले ४०, भागिले ७२, आणि स्त्री म्हणून गुणिले ०.८५ : क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग, मिनिटाला सुमारे ३७ मिलिलिटर. तो ५० च्या खाली गेला की रोजची ३०० ची मात्रा जास्त होते. ३० ते ४९ मध्ये ती ४८ तासांनी एकदा द्यायची असते. संयुक्त गोळी एक दिवसाआड देणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण मग डोल्युटेग्राविरही निम्मेच पोटात जाते. अशा वेळी औषधे सुटी द्यावी लागतात, किंवा टेनोफोविरचा अॅलाफेनामाइड हा २५ मिलिग्रॅमचा प्रकार द्यावा लागतो. तो मूत्रपिंडाला आणि हाडांना कमी जाचतो, पण क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनसोबत चालत नाही. या सुट्या गोळ्या आणि हा दुसरा प्रकार प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हाताशी हवा. आणि क्लिअरन्सचा आकडा वजनासह कार्डावर लिहिणे सक्तीचे करा. कागदावर दोन मिनिटांचे काम आहे.

या सगळ्याची कसोटी ऊसतोडीच्या हंगामात लागते. दिवाळीच्या आसपास टोळ्या बीडहून कारखान्यांकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. उन्हात दिवसभर कोयता चालवायचा, पाणी कमी प्यायचे आणि रात्री अंगदुखीवर डायक्लोफिनॅक घ्यायची. टेनोफोविर चालू असताना मूत्रपिंडाला यापेक्षा वाईट संगत नाही. आमची विनंती अशी : निघण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने व साखर तपासा. तीन महिन्यांची औषधे मूळ बाटलीतच द्या. आतली ओल शोषणारी पुडी काढू नये, हे समजावून सांगा. दुखण्यावर आधी पॅरासिटामॉल, तेही यकृताची अवस्था पाहून किती घ्यायचे ते कार्डावर लिहून. आणि कारखान्याजवळच्या केंद्रात पुढचा साठा त्याच कार्डावर मिळेल, असा लेखी आदेश दोन्ही कार्यक्रमांना एकत्र काढा. यंदाच्या टोळ्या निघायच्या आत तो निघावा.

आपले,
हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीच्या उपचारात काम करणारे डॉक्टर, औषधनिर्माते व समुपदेशक