'आज साहेबांची तब्येत बरी नाही'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात 'वकीलसाहेब टाईट, कोर्टात फजिती' हा मथळा वाचला. बातमी जरूर द्यावी, पण त्यात हसण्यासारखे काय होते? माझे यजमान चोवीस वर्षे तालुका कोर्टात दिवाणी वकिली करून लिव्हरने गेले.

दाव्याचा निकाल विरुद्ध गेला की जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस असतात. एका शेतकऱ्याचे अपील ह्यांच्या हातून मुदतीत राहून गेले. विलंबमाफीचा अर्जही फेटाळला. तो म्हातारा आमच्या ओसरीवर आला, एक शब्द न बोलता चहा पिऊन गेला. पूर्वी केस जिंकली की पक्षकाराबरोबर ढाब्यावर, एवढेच असायचे. त्या रात्रीपासून बाटली घरात आली.

मग पुकारा झाला की बाररूममधले कोणीतरी उठायचे, 'आज साहेबांची तब्येत बरी नाही' म्हणून पुढची तारीख घ्यायचे. अशी सहा वर्षे गेली. ते प्रेमापोटीच करत, मी जाणते. पण पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथवर त्यांना कोणी नेले नाही. मी वकील संघाच्या एका पदाधिकाऱ्यांना भेटले, तर म्हणाले, 'वहिनी, बोभाटा नको, वकिलीच्या सनदेवर येईल.' तक्रार झाली तर गैरवर्तनाबद्दल कारवाईसाठी ॲडव्होकेट्स ॲक्टचे कलम ३५ आहेच. गुपचूप मदत मागायला कुठे जायचे, हे मात्र मला कोणी सांगितले नाही. अमेरिकेत राज्याराज्यांत वकिलांसाठी अशी मदत केंद्रे आहेत, तिथले बोलणे बाहेर जात नाही. आपल्या बार कौन्सिलने प्रत्येक जिल्ह्यात एवढे तरी करावे.

अमेरिकेतल्याच २०१६ च्या पाहणीत सुमारे १२,८०० वकिलांपैकी दर पाचांत एकाचे पिणे धोक्याचे निघाले, आणि पहिल्या दहा वर्षांतल्या वकिलांत सर्वांत जास्त. हे वाचून माझी झोप उडाली, कारण माझ्या मुलीचे वकिलीतले हे दुसरेच वर्ष आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. तिला ५,००० मिळतात, आणि घरी यायला रात्रीचे साडेनऊ होतात.

आणखी एक. त्या बातमीच्या खालीच दारूच्या नावाच्या सोड्याची पाव पान जाहिरात होती. हे पत्र छापलेत तर निदान त्याच्याशेजारी ती नको.

आपली,
एक वकीलपत्नी, सातारा जिल्हा