आश्रमशाळांतील खरूज आणि निजायची जागा : आदिवासी विकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय आदिवासी विकास मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका आश्रमशाळेत मी ११ वर्षे अधीक्षिका होते. रात्री दिवे मालवले की मुलींच्या खोलीतून खाजवण्याचा जो आवाज येत असे, त्यासाठी हे पत्र लिहीत आहे. दिवसा जो वर्ग, तीच रात्री निजायची खोली. बाके भिंतीला लावायची, सतरंज्या अंथरायच्या आणि थंडीत दोघीदोघींनी एका चादरीत झोपायचे. डिसेंबरात एखाददुसरीच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ आणि सुताएवढ्या रेघा दिसत, आणि संक्रांतीपर्यंत निम्मी खोली खाजवू लागे.

खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो आणि मादी कातडीत बीळ करून रोज दोन-तीन अंडी घालते. त्याला उडता येत नाही. बराच वेळ अंगाला अंग लागून राहिले की तो दुसऱ्याच्या अंगावर जातो. म्हणूनच तपासणीला आलेले अधिकारी ‘मुली अंघोळ करत नाहीत’ असा शेरा मारून जात, तो मला अन्यायाचा वाटे. रोज अंघोळ करणारी मुलगीही वीतभर अंतरावर निजलेल्या मैत्रिणीकडून खरूज घेते. पाणीटंचाईने हाल वाढतात, हे खरे आहे : खाजवलेल्या जखमा धुतल्या जात नाहीत, त्यांत पू होतो आणि त्या संसर्गातून काही मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येते.

पहिल्यांदा लागण झालेल्या मुलीला ४ ते ६ आठवडे खाजही सुटत नाही, पण तोवर तिच्याकडून इतरांना लागण होऊ शकते. त्यामुळे खाजवणाऱ्यांनाच बोलावून मलम लावण्याने काही साधत नाही. मानेपासून तळपायापर्यंत लावून रात्रभर ठेवायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे ते पर्मेथ्रिन मलम, नळ्या मोजक्याच येत म्हणून, मी तिघींच्या नुसत्या हातांना पुरवले आहे. दिवाळीच्या सुट्टीत हीच खरूज पाड्यावर जाते आणि धाकट्या भावंडांकडून परत येते.

फिजीतील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्व रहिवाशांना एकदम आयव्हरमेक्टिन या खरजेचा किडा मारणाऱ्या औषधाच्या गोळ्या दिल्यावर वर्षभरात खरजेचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आत आले. आपल्याकडेही दिवाळीनंतर शाळा भरताच मुले, शिक्षक, स्वयंपाकी अशा सर्वांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकाच दिवशी औषध द्यावे, आठवड्याने दुसरी मात्रा द्यावी आणि त्याच दिवसांत आशाताईंमार्फत पाड्यांवरही औषध पोहोचवावे. १५ किलोंहून कमी वजनाच्या बालकांना गोळी चालत नाही, त्यांच्यासाठी मलम पुरेसे असावे.

औषधाने एक हिवाळा निभावेल. पण वर्गातच निजणाऱ्या मुलांची शाळावार मोजणी करून ती जाहीर करावी आणि प्रत्येक मुलाला स्वतंत्र पलंग व स्वतःची चादर कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, हे आपण लेखी सांगावे, ही माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अधीक्षिका