शाईही मुलांनाच बनवू द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत ५०,००० अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः हातानं काही बनवून बघायच्या प्रयोगशाळा, उभारण्याची घोषणा झाली. या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर, म्हणजे थरावर थर रचून वस्तू बनवणारं यंत्र, असतो. त्याविषयी एक मागणी आपल्या पत्रातून मांडायची आहे. मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर फलटण तालुक्यातल्या एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस जाते.

या शाळेत प्रिंटर आहे. प्लॅस्टिकच्या तारेचं रीळ लावायचं, दोनशे अंशांच्या आसपास ती तार वितळते आणि नळीच्या टोकातून थरावर थर पडत जातो. मुलं तयार फाइल घेतात आणि नावाची की-चेन, मोबाइलचं स्टँड असं काहीतरी काढतात. पावसाळ्यात रीळ दमट हवा धरतं, मग नळीतून चरचर आवाज येतो, तार मधेच तुटते आणि यंत्र महिनाभर झाकून ठेवलं जातं. दोष यंत्राचा नाही. पण मुलांना यात करायला काय उरतं? घन पदार्थ, द्रव पदार्थ आम्ही फळ्यावर शिकवतो. या दोहोंच्या मधला जो चिकट, लिबलिबीत प्रदेश आहे, तिथं खरं विज्ञान आहे आणि तिथं मुलांचा हातच पोहोचत नाही.

आपल्या घरांत मात्र तो पोहोचलेला आहे. कुरडया घालणारी कोणतीही बाई हे ओळखते. गहू तीन दिवस भिजवून, वाटून चीक काढायचा, वरची निवळ ओतून द्यायची, आधणात घालून घोटत शिजवायचा, ओल्या बोटाला चिकटेनासा झाला की गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. चीक पातळ राहिला तर तारा एकमेकींत मिसळून गोळा होतो. घट्ट झाला तर दाबताना मनगटं भरून येतात आणि तार तुटते. दाब असेपर्यंत वाहायचं आणि दाब गेला की पडलं तिथंच थांबायचं, एवढा एक गुण त्याला हवा असतो. मेंदीच्या कोनातही तोच लागतो.

जगातल्या मोठ्या प्रयोगशाळा याच गुणामागे आहेत. नळीतून सोडायच्या अशा लगद्याला तिथं शाई म्हणतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत जोसेफ सेझरानो यांनी १९९० च्या दशकात सिरॅमिकची पूड पाण्यात कालवून ती नळीतून थराथरानं रचली. हार्वर्डच्या जेनिफर लुइस यांच्या गटानं २०१३ मध्ये दोन वेगवेगळ्या शाया केसापेक्षा बारीक नळीतून सोडून वाळूच्या कणाएवढी लिथियम बॅटरी रचली. इटलीत मासा लोम्बार्दा इथं २०२१ मध्ये तिथल्याच मातीत भाताचं तूस मिसळून घर छापलं. आपल्याकडे बंगळुरूचं असंच छापलेलं काँक्रीटचं टपाल कार्यालय २०२३ मध्ये झालं. ते काँक्रीट पाइपात वाहतं राहायला हवं आणि खाली पडल्यावर थोड्याच वेळात वरच्या थराचं ओझं पेलायला हवं. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था, आयआयटी आणि सीसीएमबी ही पेशींवर संशोधन करणारी संस्था यांनी मानवी कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याच्या, ऊतीतल्या पेशी काढून उरलेल्या द्रव्याची शाई केली, त्यातून कॉर्निया छापला आणि २०२२ मध्ये तो सशाच्या डोळ्यात बसवून पाहिला. मला यातलं सर्वांत जवळचं वाटतं ते हेच, कारण आमच्या घरात कॉर्नियासाठी वाट बघणारं माणूस होतं.

आता आमच्या वर्गात काय झालं ते सांगते. सातवीच्या मुलांबरोबर आम्ही औषधाच्या दुकानातून साठ मिलीच्या सिरिंजा आणल्या आणि मातीचा दंडगोल हातानंच थराथरानं रचायचा ठरवलं. अडीचशे ग्रॅम सुकी, चाळलेली माती घेतली. ऐंशी ग्रॅम पाण्यात ती सिरिंजमधून बाहेरच येईना, दट्ट्या वाकला. एकशे दहा ग्रॅमला सुळकन आली, पण तिसऱ्या थराला भिंत बसली. मधलं माप सापडलं तरी मधेच फट्कन आवाज व्हायचा आणि वळी तुटायची.

मग गावातल्या कुंभारकाकांना बोलावलं. त्यांनी आमच्या मातीची पेन्सिलीएवढी वळी केली आणि आपल्या बोटाभोवती गुंडाळली. बाहेरच्या अंगाला बारीक तडे गेले. "अजून मुरली नाही, बाई," म्हणाले. ओल्या गोणपाटात आठ दिवस ठेवायला लावली, नंतर तुडवली, दोऱ्यानं गोळा मधोमध कापून आतली हवेची भोकं मुलांना दाखवली आणि पुन्हा मळायला लावलं. त्यानंतरचा दंडगोल चौदा थरांचा झाला. सावलीत वाळवला आणि काकांनी पणत्यांबरोबर भट्टीत लावला. कापलेल्या गोळ्यातली ती भोकं बघताना पोरांचे जे चेहरे झाले, ते मी तीस वर्षांत फार थोड्या तासांना पाहिलेत.

म्हणून मागणी अशी. नव्या लॅबच्या यादीत प्लॅस्टिकच्या प्रिंटरसोबत त्याच्या नळीच्या जागी लावायचं, सिरिंज बसणारं एक डोकं, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि चाळण्या असाव्यात. आज जिथं प्रिंटर आहे तिथं सुट्या भागांसाठी ठेवलेल्या रकमेतून हे घ्यायची मोकळीक मुख्याध्यापकांना द्यावी. आणि वर्षातून निदान चार तास गावातल्या कुंभाराला किंवा कुरडया-पापड करणाऱ्या बचत गटातल्या बाईंना मानधन देऊन शिकवायला बोलवावं. सत्कार करून नारळ देऊन पाठवू नये. कामाचे पैसे द्यावेत. आमच्या काकांनी त्या आठवड्यात दोन दिवसांची मजुरी बुडवली, आणि शाळेकडे त्यांना द्यायला खर्चाच्या कोणत्याच शीर्षाखाली पैसे नव्हते.

तो चौदा थरांचा दंडगोल शाळेत खिडकीत ठेवला आहे. या वर्षी मुलांना त्याच मातीत तांदळाचं तूस घालून बघायचं आहे.

कळावे,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, फलटण (जि. सातारा)